हिशेब मागणारा वाचक

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. पानाच्या एका बाजूला मराठी मजकूर, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रयतेला नव्या विद्येची ओळख व्हावी आणि राज्यकर्त्यांना रयतेचे म्हणणे कळावे, अशी ती रचना होती. संपादकाने सांगायचे आणि वाचकाने शिकायचे, हे नाते त्या काळाला साजेसेच होते. लोकशाही दूर होती. पण सार्वजनिक प्रश्नांवर चारचौघांत बोलण्याची सवय याच पानांनी लावली. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींची पत्रे येऊ लागली आणि वर्तमानपत्रातून आपल्याच समाजाला खडे बोल सुनावता येतात, हेही लोकांनी पाहिले.

पुढच्या पिढीने सरकारला जाब विचारला. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी, कोल्हापूरच्या दिवाणावर केलेल्या टीकेवरून झालेल्या खटल्यात, टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १९०८ मध्ये टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. संपादकाने लिहावे आणि लिहिल्याची किंमत स्वतः मोजावी, हा आदर्श मराठी मनावर कोरला गेला तो इथे. वाचक आता अनुयायी झाला होता. मात्र जाब कोणाच्या वतीने विचारला जातो आणि कोणाचे दुःख छापायला जागा मिळते, हे प्रश्न तसेच होते.

ते प्रश्न आधी सत्यशोधक चळवळीने मांडले. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेला ‘दीनबंधु’ पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवला आणि त्यात शेतकरी व गिरणी कामगार बोलू लागले. मग ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ आले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पत्राची जाहिरात मात्र पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही. ही घटना मला फार मोलाची वाटते. सरकारशी निधड्या छातीने लढणाऱ्या पत्राच्या दारातही काही माणसे बाहेरच उभी होती. वृत्तपत्र स्वतंत्र असले म्हणजे सगळा समाज बोलता झाला असे होत नाही, हे बाबासाहेबांनी पहिल्या अंकापासून ठामपणे मांडले.

या अनुभवाचा धागा मला संविधानातही दिसतो. आपल्या संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचे वेगळे कलम नाही. घटना समितीत तशी मागणी झाली, तेव्हा आंबेडकरांचे उत्तर होते की वृत्तपत्र हे नागरिकाचेच दुसरे रूप आहे. नागरिकाला नाहीत असे खास हक्क त्याला असू शकत नाहीत. म्हणून कलम १९ मधला अभिव्यक्तीचा हक्क नागरिकाचा आहे आणि संपादक तो नागरिक म्हणूनच वापरतो. हा विचार पचायला आपल्याला बराच काळ लागला. जानेवारी १९७५ मध्ये राज नारायण खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी सरकारचे प्रत्येक सार्वजनिक कृत्य जाणून घेण्याचा जनतेचा हक्क मान्य केला. त्यानंतर पाच महिन्यांत आणीबाणी आली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. ‘साधना’सारख्या साप्ताहिकाने झुकायचे नाकारले, कोर्टात झुंज दिली. हक्क निकालपत्रात असून भागत नाही, तो वापरणारी माणसे लागतात, हे तेव्हा कळले.

अशी माणसे राजस्थानच्या दुष्काळी भागात भेटली. तिथल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने, अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह यांच्या सोबतीने, डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी भरवली. सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले जात. ज्याचे नाव येई तो उठून सांगे, ‘मी या कामावर गेलोच नाही.’ अशा सुनावण्यांत मेलेल्यांच्या नावे मजुरी उचलल्याचे उघड झाले. कागदावर पूर्ण झालेली कामे जागेवर अर्धवट निघाली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी सरकारी दप्तर तपासले! १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे चालले, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा घुमली. ‘जनसत्ता’चे प्रभाष जोशी या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रेस कौन्सिलने माहिती अधिकाराच्या कायद्याचा मसुदा तयार केला. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनाने राज्याचा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. मजुराने मागितलेला हिशेब पत्रकारांनी देशापर्यंत नेला. दोघांपैकी एकानेही हात आखडता घेतला असता, तर कायदा इतक्या लवकर झाला नसता.

त्यानंतरच्या काळाने आपल्याला दोन्ही बाजू दाखवल्या. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी बातमी म्हणून छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी पुराव्यानिशी दाखवले. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा गावोगाव पोचला. पुढच्याच वर्षी कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीचा घोटाळा गाजला. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात कागद मिळवले, वर्तमानपत्रांनी ते लावून धरले आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. बातमी विकली जाते तेव्हा नागरिक एकटा पडतो. तो आणि बातमीदार एका कागदावर येतात, तेव्हा सत्ता हलते.

आज माहितीचा हा हक्क हळूहळू बोथट केला जातो आहे. अपिले वर्षानुवर्षे माहिती आयोगात पडून राहतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ‘वैयक्तिक माहिती’ नाकारण्याची वाट रुंद केली. उद्या तेच कारण पुढे करून हजेरीपटावरची नावे झाकली, तर जनसुनावणी कशाच्या जोरावर भरवायची?

माध्यमे बिघडली अशी तक्रार आपण रोज करतो आणि ती खोटी नाही. पण ‘दर्पण’पासूनच्या या वाटचालीत वाचक शिष्याचा अनुयायी झाला आणि अनुयायाचा हक्कदार झाला. हक्कदाराने नुसती तक्रार करून भागत नाही. माहिती अधिकारात आपल्या वॉर्डातल्या रस्त्याचे अंदाजपत्रक मागा. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवसांची मुदत, एवढेच लागते. उत्तर आले नाही तर अपील करा, आले तर ते ग्रामसभेत किंवा मोहल्ल्यात वाचून दाखवा, स्थानिक बातमीदाराच्या हाती द्या. त्याने छापले तर त्याच्या पाठीशी उभे राहा. नाही छापले तर संपादकाला पत्र लिहून कारण विचारा. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य संविधानाने तुमच्या नावावर केले आहे, ते वापरा.