गुन्हेगार सापडल्यानंतर

अभिजात रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचताना गुन्हेगार कोण हे ठाऊक असते. मग एक जुना धर्मप्रश्न पुढे येतो: पाप उघडकीला आल्यावर पाप्याचे काय करायचे?

आर्थर कॉनन डॉयल यांची १८९२ सालची ‘द ब्लू कार्बंकल’ ही होम्सकथा घ्यावी. पहिल्या वाचनात लक्षात राहते ते पक्ष्याच्या पोटातून निघालेले निळे रत्न. दुसऱ्या वाचनात नळकाम करणारा जॉन हॉर्नर दिसू लागतो. चोरीबद्दल त्याने पूर्वी शिक्षा भोगलेली आहे. नेमके हे हेरून हॉटेलचा नोकर जेम्स रायडर स्वतःची चोरी त्याच्या अंगावर ढकलतो आणि सगळ्यांना ते लगेच पटते. शिक्षा भोगून झाली, तरी डाग गेला नाही. पकडला गेल्यावर रायडर मात्र गयावया करतो आणि होम्स त्याला सोडून देतो. तुरुंगात गेला तर हा जन्माचा गुन्हेगार होईल, असा होम्सचा विचार.

शिक्षेने पाप धुतले जाते का, हा प्रश्न तमिळनाडूतील कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला परका नाही. आज तिथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर आहे आणि अभंगही गायले जातात. पण गावाची जुनी ओळख म्हणजे सतराव्या शतकातील बोधेंद्र सरस्वतींचे अधिष्ठान, म्हणजे समाधिस्थान. नामसिद्धांताचे, म्हणजे देवाच्या नामोच्चाराने पाप नाहीसे होते या मताचे, ते मोठे आचार्य. या सिद्धांताचा एक आधार भागवताचा सहावा स्कंध. प्रायश्चित्त घेऊनही माणूस पुन्हा तेच करतो, अंघोळीनंतर अंगावर धूळ उडवणाऱ्या हत्तीसारखा, अशी शंका राजा परीक्षित तिथे काढतो. उत्तरात पत्नीला टाकून पापात बुडालेल्या अजामिळाची कथा येते. मरताना तो हाक मारतो मुलाला, ज्याचे नाव नारायण. तेवढ्यावर विष्णुदूत यमदूतांना अडवतात आणि दोन्ही पक्षांत रीतसर वाद होतो. अजामिळाला पश्चात्ताप होतो तो सुटल्यानंतर. रायडरचे रडणे शिक्षेच्या भीतीतून आलेले, म्हणून अजामिळाचा पश्चात्ताप अधिक खरा वाटतो.

नाममाहात्म्य हा निव्वळ अर्थवाद, म्हणजे स्तुतीसाठी केलेली अतिशयोक्ती, असा आक्षेप जुनाच. लक्ष्मीधरांनी ‘भगवन्नामकौमुदी’त तो खोडून काढला आणि बोधेंद्रांनी तीच बाजू पुढे नेली. मात्र नामाच्या भरवशावर पाप करणे हा परंपरेने स्वतंत्र नामापराध मानला आहे, त्यामुळे क्षमा म्हणजे मोकळीक ठरत नाही.

तरी ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा प्रश्न राहतोच. अजामिळाने टाकलेल्या पत्नीचे पुढे काय झाले, हे भागवत सांगत नाही. होम्स मात्र रायडरला सोडताना हॉर्नरचा विचार करतो: रायडर साक्षीला येणार नाही, त्यामुळे खटला कोसळेल, हॉर्नरला धोका असता तर गोष्ट वेगळी होती.