पऱ्हाटी कोणी पेरली?

पुतणी : काका, अमेरिकेत सवाना नदीकाठी भाताचे मळे होते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांकडून दलदलीत बांध घालून घेतले. तिथे अपराधी कोण, ते उघड आहे. पण आपल्या पैनगंगेकाठी? इथे ना गोरा मळेवाला, ना चाबूक. वावर आपलं आणि कापसाची पऱ्हाटीही आपल्याच खापरपणजोबांनी पेरली.

काका : पेरली, पण सारा रोख भरायचा होता ना! 1853 साली निजामाकडून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेलं. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष इकडे वळलं. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. हाती पैसा देणारं मोठं पीक कापूसच. सावकाराची उचलही त्याच्याच भरवशावर. याला मर्जी म्हणायचं?

पुतणी : म्हणजे ज्या युद्धाने तिथले गुलाम सुटले, त्याच युद्धाने आपण कापसात अडकलो. तरी तुम्ही खापरपणजोबांना अगदीच बिचारं करता. त्यांना बाजार कळत होता. भाव चढला तेव्हा घरात सोनं आलं, हे तुम्हीच सांगता.

काका : सोनं आलं, आणि पेव गेलं. अंगणात होतं ते. जमिनीत विहिरीसारखा खड्डा, आतून कडबा लावलेला, वरून मातीने लिंपलेला. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेने माणूस दगावायचा. त्यात जवारी राहायची, वाईट सालासाठी. पऱ्हाटी वाढली, तसं ते ओस पडलं. आणि मग 1899-1900 चा दुष्काळ आला.

पुतणी : त्या जवारीतूनच सालगड्याला धान्य मिळायचं ना? पेव भरायचं नाही हे ठरलं, तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं?

काका : त्याला कोण विचारणार!

पुतणी : मग साऱ्याचं ओझं आपल्यावर आलं हे खरं, पण आपण ते त्याच्या अंगावर ढकललं.

काका : नसतं ढकललं तर वावर गहाण पडलं असतं, पोरी.

पुतणी : पडलं असतं. म्हणून तर मला त्यांना दोषी म्हणवत नाही, आणि निर्दोषही म्हणवत नाही.

काका : यंदा तुझे बाबा सगळ्या वावरात सोयाबीन घ्यायचं म्हणतात. मी म्हटलं, दोन एकर जवारी राहू द्या. त्यांना हिशेब पटत नाही.

पुतणी : बाबांनी हिशेबात कोणाकोणाला धरलंय?