सूर लागेपर्यंत



हरेगावच्या मतमाउलीची यात्रा जवळ आली की गायनवृंदात मुलांची गर्दी होते. सराव मात्र दोनच दिवस! "देवाला भाव हवा, सुराचं काय?" असेही कोणी म्हणतो. मग दावीद राजाने प्रभुसेवेसाठी संगीतात तरबेज असे २८८ जण का नेमले? (१ इतिहास, अध्याय २५) त्यांच्या पाळ्या मात्र चिठ्ठ्या टाकून ठरल्या. गुरू आणि शिष्य, लहान आणि थोर, सारखेच.

गोव्यातील कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) स्थायी-अंतरा दोनदाच गाऊन दाखवीत, तिसऱ्यांदा नाही, असे त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर सांगत. किशोरीताई पुढे एवढ्या मोठ्या झाल्या, तरी तानपुरे मनाजोगे जुळल्याशिवाय गायला सुरुवात करीत नसत. श्रोते थांबत.

मुलांनो, ही कसोटी स्वतःला लावायची. शेजारच्याचा सूर चुकला म्हणून हसणारा वेदीपुढे काय अर्पण करणार? आणि आपलाच चुकला म्हणून घरी बसणाऱ्याची तर मला अधिक काळजी वाटते. त्याने यावे, तीच ओळ पुन्हा म्हणावी. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर पेटी उघडीच असते.