जुने सूर, नवी तबकडी

लोपलेले पुन्हा जिवंत करणे हे आपण सहसा सत्कृत्य मानतो. परंतु पुनरुज्जीवन कोठे संपते आणि नुसती नक्कल कोठे सुरू होते? एका ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करू या.

१९६९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी ‘शा ना ना’ हा वाद्यवृंद स्थापन केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात तो गाजला, आणि त्याची पहिली तबकडीही निघाली. तेलाने चापून बसवलेले केस, झगमगते पोशाख आणि अवघ्या दहा-बारा वर्षांपूर्वीचे रॉक अँड रोल! एवढ्या अल्पावधीत असे काय मेले होते की ते उठवावे लागावे? व्हिएतनामच्या युद्धाने होरपळलेल्या त्या समाजाला बहुधा एक निष्पाप भूतकाळ हवा होता.

तो भूतकाळ खरोखरच निष्पाप होता काय? लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचे ‘टुटी फ्रुटी’ १९५५ साली निघाले. पुढच्याच वर्षी पॅट बून या गौरवर्णीय गायकाने ते गायिले आणि लोकप्रियतेच्या यादीत तो मूळ गायकाच्याही वर पोहोचला. पुनरुज्जीवनाने तेवढी झळाळी उचलली आणि हा अन्याय मागेच ठेवला, तर ते अर्धसत्य ठरते.

आपल्याकडेही निराळे घडले नाही. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५७ साली ‘आशा’ चित्रपटात रॉक अँड रोलचा ठेका आणला. त्या काळच्या मुंबईच्या चित्रसंगीतात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा श्वास होता. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही माणसे. तबकडीवर मात्र त्यांची नावे क्वचितच येत. गायिकेची तरी कोठे येत असत? १९४९ सालच्या ‘महल’च्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते.

लातूरकरांना हा प्रश्न केवळ संगीताचा वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील गावे कोसळली आणि हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे झोपलेल्यांवर आली. पुढे गावे पुन्हा वसली, पुष्कळशी नव्या जागी. जुने घर हुबेहूब उभारणे ही त्या गावावरची निष्ठा ठरली असती काय? ज्या भिंतीने माणसे मारली, तीच पुन्हा रचणे हे प्रेम नव्हे. मात्र भिंती बदलल्या म्हणून गेलेल्यांची नावे पुसली जाऊ नयेत.

येथे मला दोन कसोट्या दिसतात. जुन्यातील घातक अंश आपण पुन्हा उभारीत तर नाही ना? आणि ज्यांच्यापासून हे आले, त्यांचे ऋण आपण नावानिशी मान्य करतो ना? पहिलीत नापास होणारे पुनरुज्जीवन आंधळे असते आणि दुसरीत नापास होणारे कृतघ्न. जे दोहोंत उतरते, ते जुनेच सूर गात असले तरी त्याला नक्कल म्हणता येणार नाही.

आजही जुन्या तबकड्या नव्याने निघतात, लोक त्या हौसेने घेतात. त्यात वावगे काहीच नाही. फक्त सुई टेकविण्यापूर्वी वेष्टनावर कोणाचे नाव आहे, आणि कोणाचे असायला हवे होते, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.