बिबेंडम, नागसेन आणि चोरलेले आंबे

१८९८ साली फ्रान्समध्ये मिशेलिन कंपनीचे एक पोस्टर झळकले. टायरांच्या चळतीतून घडलेला एक धिप्पाड माणूस जेवणाच्या टेबलाशी उभा आहे. नाकावर चिमटीचा चष्मा, हातात उंचावलेला पेला, आणि पेल्यात मद्याऐवजी खिळे नि काचा. रस्त्यातले सगळे अडथळे आमचा टायर पिऊन टाकतो, असा चित्राचा अर्थ. होरेस या रोमन कवीच्या ज्या लॅटिन शब्दांवर पोस्टर बेतले होते, त्यांतूनच या पात्राला ‘बिबेंडम’ हे नाव मिळाले.

या पात्राला पूर्वजन्मही आहे. चार वर्षे आधी ल्योंच्या प्रदर्शनात मिशेलिन बंधूंना टायरांची एक चळत दिसली होती. हात लावले तर हिचा माणूस होईल, असे त्यांना वाटले. पुढे ओगालो या नावाने चित्रे काढणाऱ्या मारियुस रोसियोंने त्यांना एक जुने चित्र दाखवले. ते त्याने म्युनिकच्या एका बिअर कंपनीसाठी काढले होते आणि कंपनीने ते नाकारले होते. त्यात पेला उंचावणारा एक दांडगा राजा होता. राजा गेला, टायरांचा माणूस आला. पेला तसाच राहिला.

त्यानंतर सव्वाशे वर्षांत बिबेंडमचे काय काय बदलले! सुरुवातीला त्याच्या अंगावर सायकलच्या टायरांसारखी बारीक, पुष्कळ वेटोळी होती. मोटारींचे टायर जाड होत गेले तशी तीही जाड आणि मोजकी झाली. चष्मा गेला, ओठांतला सिगार गेला. दबदबा असलेला श्रीमंत गृहस्थ हळूहळू मुलांना आवडेल असा हसरा मित्र झाला. शंभरी भरली तेव्हा तो सडपातळ झाला, आणि २०१७ साली तर साध्या सपाट रेघांत उतरला. सर्वांत विलक्षण गोष्ट रंगाची. आरंभीचे टायर फिकट रंगाचे असत, म्हणून बिबेंडम पांढरा. १९१०च्या दशकात रबरात कार्बनची काजळी मिसळू लागली, टायर अधिक टिकाऊ झाले आणि काळे पडले. बिबेंडम मात्र पांढराच राहिला. ज्या वस्तूवरून तो घडला ती बदलली, तेव्हा त्याने तिची साथ सोडली आणि स्वतःच्या आदल्या चित्राची धरली.

मग १८९८चा आणि आजचा बिबेंडम एकच, असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

हा प्रश्न जाहिरातींच्या कितीतरी आधीचा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात आहे. (डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत उभारलेले मिलिंद महाविद्यालय आणि तिथला नागसेनवन परिसर या दोघांची नावे आजही मिरवतात.) पुन्हा जन्मणारा माणूस तोच असतो की दुसरा, असे राजाने विचारले. तोही नाही आणि दुसराही नाही, असे नागसेनाचे उत्तर. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नसते. पण दुसरीला पहिलीचाच आधार असतो. आत कायमचे असे काही नसते, असते ती अखंड साखळी.

पुरीच्या जगन्नाथ मंदिरातला नवकलेवर विधी याच प्रश्नाला नेमके उलटे उत्तर देतो. अधिक आषाढ येतो अशा ठरावीक वर्षी (अलीकडे १९९६ आणि २०१५ साली) कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवल्या जातात. रात्रीच्या अंधारात, डोळ्यांवर पट्टी आणि हातांना वस्त्र गुंडाळून सेवेकरी जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात, आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातच पुरल्या जातात. देह नवा, सार तेच. देवाची मूर्ती आणि टायरची जाहिरात एका पंक्तीला बसवायची नाही. तरी फरक स्पष्ट आहे: बिबेंडमच्या आत हलवण्यासारखे काही नाही. त्याचा मामला नागसेनाच्या ज्योतीसारखाच आहे.

पण ज्योतीचा दृष्टान्त अर्धाच. नागसेन आणखी एक देतो, आणि खरी कसोटी तिथे लागते. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. राजापुढे उभे केल्यावर तो म्हणाला, याने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. माझा गुन्हा नाही. हा बचाव टिकत नाही, कारण झाडावरचे आंबे पेरलेल्या आंब्यापासूनच आले. साखळी मान्य केली की तिच्यातले देणेही मान्य करावे लागते.

अमेरिकेतल्या ‘आन्ट जेमायमा’ची गोष्ट या दृष्टान्ताला तंतोतंत लागू पडते. १८८९ साली पॅनकेकच्या तयार पिठासाठी हे नाव उचलले गेले ते गोऱ्यांनी तोंडे काळी करून कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याच्या खेळांतल्या एका गाण्यावरून. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन या स्त्रीने ही भूमिका केली. तिचा जन्म गुलामगिरीत झाला होता. डोक्याला रुमाल बांधलेली, धन्याच्या घरी आनंदाने राबणारी ही स्वयंपाकीण पिढ्यान्‌पिढ्या खोक्यांवर हसत राहिली. १९८९ साली रुमाल काढला गेला, कानांत मोती आले. आता ही आधुनिक स्त्री आहे, असे सुचवायचे होते. पण नाव तेच ठेवले होते, कारण शंभर वर्षांची ओळख हवी होती. जुन्या चेहऱ्याची पत वापरायची आणि जुन्या चेहऱ्याचे ओझे नाकारायचे, हा आंबेचोराचाच युक्तिवाद झाला. २०२० साली या पात्राचे मूळ वांशिक साच्यात असल्याचे कंपनीने मान्य केले, आणि पुढच्या वर्षी पीठ ‘पर्ल मिलिंग कंपनी’ या नावाने विकले जाऊ लागले.

तेवढ्याने हिशेब मिटला का? ही भूमिका केलेल्या काही स्त्रियांच्या वंशजांनी चेहरा पुसण्यालाच विरोध केला. आमच्या आज्यांनी कष्ट केले, त्यांची आठवणही आता जाणार, असे त्यांचे म्हणणे. नॅन्सी ग्रीनच्या कबरीवर नावाचा दगड बसला तोही २०२० सालीच, मृत्यूनंतर जवळजवळ शतकाने. नागसेनाच्या तर्काने पाहिले तर वंशजांची बाजू बळकट आहे. रुमाल काढल्याने देणे फिटले नव्हते. मग सगळे चित्रच काढल्याने ते कसे फिटेल? पीठ तेच आहे, धंदा तोच आहे, आणि ज्या हसऱ्या चेहऱ्याने तो उभा केला त्याचे देणे आज हे पीठ विकणाऱ्यांकडेच आहे.