लाईनवरून बोलताना

चि. भाच्यास,


चिखलोलीच्या पोरांना तू फुटबॉल शिकवतोस, याचा मला फार अभिमान आहे. म्हणूनच परवाच्या सामन्यात तुझं जे ओरडणं ऐकलं, त्याबद्दल लिहितो. ‘आंधळा आहेस का?’, ‘किती वेळा सांगायचं?’ अरे, गोल खाल्ल्यावर चूक झाली हे किपरला तुझ्याआधी कळलेलं असतं. कळत नसतं ते पुढे काय करायचं. ते सांग: ‘दोन पावलं पुढे ये, अंग बॉलच्या मागे आण.’ आणि तू ओरडलास की पोरं बॉल सोडून तुझ्याकडे बघतात, हे कधी लक्षात आलं का? मग पायात आलेला बॉल घाबरून लांब मारतात आणि सुटका करून घेतात. ड्रिबल करायची हिंमत कुठून येणार?

अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना बेसबॉल शिकवणाऱ्यांना बोलायचं कसं ते शिकवलं. प्रयत्नाला लगेच दाद द्यायची, चुकीनंतर धीर आणि नेमकी सूचना द्यायची. त्यांच्या १९९२ सालच्या अभ्यासात अशा प्रशिक्षकांकडची ५ टक्के मुलं पुढच्या मोसमात गळाली, इतरांकडची २६ टक्के. सामने जिंकण्या-हरण्यात मात्र फरक नव्हता. तेव्हा नीट बोललं की संघ ढिला पडतो, ही भीती मनातून काढून टाक.

पण उठसूट ‘शाब्बास’ही नको. खोटं कौतुक पोरांना लगेच कळतं. पास चुकला, पण मोकळा गडी बरोबर हेरला होता, तर तेवढंच सांग. उशिरा येणाऱ्याला जरूर बजाव, फक्त चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नकोस.

नागपुरात २००१ साली भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं विजय बारसे सरांना दिसली आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. खेळाची ओढ त्या मुलांची स्वतःची होती. आपल्या पोरांकडेही ती आहे, नाहीतर पावसाळ्यात एवढ्या चिखलात कोण येतं? ओरडून ती मारू नकोस.

एक काम मात्र लगेच कर. लाईनवर उभे राहून स्वतःच्याच मुलाला शिव्या घालणाऱ्या पालकांना सामन्याआधी हात जोडून सांग: टाळ्या वाजवा, सूचना सर देतील. ते ऐकतील, आधी तुझा आवाज बदललेला त्यांना ऐकू येऊ दे.

तुझा,
मामा