आधी ‘आप’ म्हणा

सातपुड्याच्या आदिवासी पाड्यांवर लाह असते. एखाद्याचं घर शाकारायचं राहिलेलं असतं, कुणाची निंदणी अडलेली असते. त्यानं हाक द्यायची, पाड्यानं यायचं, दिवसभर राबायचं आणि त्याच्याकडे जेवून घरी जायचं. मजुरी नाही, मुकादम नाही. ‘ही माणसं मन लावून काम करत नाहीत’ असं बोलणाऱ्या प्रत्येकानं एकदा लाहेच्या दिवशी पाड्यावर जावं. शेजारचा विळा सपासप चालत असताना आपला हात आखडणं माणसाला जमत नाही. मग तीच माणसं साहेबासमोर खाली मान घालून का उभी राहतात? कारण तिथं त्यांना ‘ए’ म्हणून बोलावलेलं असतं.

तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी हे दुखणं १९३७-३८ च्या सुमारास ओळखलं होतं. दारू सोडा, स्वच्छ राहा, हे सांगणारे पुष्कळ होते. महाराजांनी त्याच्या जोडीला एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं. त्यांच्या सोमवारच्या आरतीला हजारो आदिवासी जमू लागले. सावकाराच्या ओट्याखाली आयुष्य गेलेल्या माणसाला त्याच्याच शेजाऱ्यानं ‘आप’ म्हणावं, यात केवढं बळ असेल!

पुढे शहाद्यात अंबरसिंग महाराज उभे राहिले. ते स्वतः भिल्ल. गेलेल्या जमिनी आणि सालदारांची पिळवणूक यांविरुद्ध त्यांनी माणसं जागी केली, आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते बायकांचं बोलणं. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण संघटनेच्या शिबिरात बायका बोलायला लागल्या तेव्हा त्यांच्या तोंडून दारू आणि नवऱ्याचा मार बाहेर पडला. ‘हा आजचा विषय नाही’ म्हणून त्यांना गप्प बसवलं असतं, तर तो लढा तिथंच अर्धा झाला असता. त्या निघाल्या, गावोगाव दारूची मडकी फोडत गेल्या, मारणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी चारचौघांत जाब विचारला. एकटीला घरात जे साधलं नसतं, ते शेजारणीचा खांदा खांद्याला लागल्यावर साधलं. ही युक्ती कोणत्याही पुढाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती.

आज आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यामुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा भरवता येते. तरी अनेक सभांत खुर्च्या साहेबांना, पुढची सतरंजी पुरुषांना आणि बायका मागे भिंतीशी. ठराव आधीच लिहून आलेला. खाली फक्त अंगठे हवे असतात. अशा सभेतून उमेद कशी उगवेल? शिक्षकांना, ग्रामसेवकांना, सरपंचांना माझं हात जोडून मागणं आहे: पुढच्या सभेत भिंतीशी बसलेल्या बाईला ‘आप’ म्हणून पुढे बोलावा, सर्वांत आधी तिला बोलू द्या, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहा.